मनगटावरचा सेकंद किती काटेकोर हवा?

स्मार्टवॉच कितीही महाग असले, तरी त्यात वेळ मोजण्याचे मूळ काम सहसा क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिकच करतो. नादकाट्याच्या आकाराचा हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या २ चा पंधरावा घात असल्यामुळे ती पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो.

अशा साध्या स्फटिकात दहा लाखांत वीस भागांपर्यंतची चूक सर्रास चालवून घेतली जाते, म्हणजे दिवसाला सुमारे १.७ सेकंद आणि वर्षाला दहा मिनिटे. त्यात तापमानाची भर पडते. हा स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत वेगाने कंप पावतो आणि त्याहून उष्ण किंवा थंड हवेत तो मंदावतो. ५ अंशांच्या थंडीत उघड्यावर राहिलेले घड्याळ केवळ त्या कारणाने दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे पडू शकते. १९६९ साली बाजारात आलेल्या सेको कंपनीच्या ‘अ‍ॅस्ट्रॉन’ या पहिल्या क्वार्ट्झ मनगटी घड्याळाची ग्वाही महिन्याला पाच सेकंदांची होती, हे पाहता आजच्या स्मार्टवॉचमधला सुटा स्फटिक त्यापुढे ढिसाळच म्हणावा लागेल. तो ढिसाळपणा परवडतो, कारण चूक साचू लागण्याआधीच फोन ती दुरुस्त करतो आणि फोनची वेळ नेटवर्कमार्फत शेवटी अणुघड्याळांशी जोडलेली असते.

मग गरज किती अचूकतेची आहे? लोकल पकडण्यासाठी मिनिटाचा हिशेब पुरतो. तत्काळ तिकिटासाठी सकाळी दहाच्या ठोक्याला बोट रोखून बसणाऱ्याला सेकंदही मोलाचा वाटतो, पण खिडकी उघडते ती रेल्वेच्या सर्व्हरच्या घड्याळानुसार, त्यामुळे आपले घड्याळ कितीही अचूक असले तरी तिकीट मिळेलच असे नाही. तासभर धावण्याच्या नोंदीत स्फटिकाची वर सांगितलेली चूक ०.०७ सेकंदांची भरते, तर मिनिटाला ७२ ठोक्यांच्या नाडीत ती एका ठोक्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास राहते. नाडीचा आकडा चुकतो तो सैल पट्ट्यामुळे आणि हाताच्या हालचालीमुळे. त्याचा दोष स्फटिकाला देता येत नाही. दर तीस सेकंदांनी बदलणारा सुरक्षा-संकेतांक घड्याळावर तयार होत असेल, तर मात्र फोनपासून दोन-तीन आठवडे तुटलेले घड्याळ अडचणीत येऊ शकते.

जीपीएसची गोष्ट याहून रंजक आहे. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, म्हणून उपग्रहांच्या संदेशांवरून ठिकाण काढताना मनगटावरचे घड्याळ तेवढ्याने चुकले तरी सगळे गणित कोलमडायला हवे. प्रत्यक्षात ग्राहकयंत्र स्वतःच्या घड्याळातली चूक हीच एक अज्ञात राशी मानते. स्थानाच्या तीन अज्ञात राशी आणि वेळेची ही चौथी, म्हणूनच किमान चार उपग्रह लागतात. समीकरणे सुटली की स्थानाबरोबर अचूक वेळही हाती येते.

खरा काटेकोरपणा कामी येतो तो वापरणाऱ्याच्या नजरेआड, ब्लूटूथच्या जोडणीत. बॅटरी वाचवण्यासाठी घड्याळ आणि फोन आपापले रेडिओ बहुतेक वेळ बंद ठेवतात आणि ठरलेल्या क्षणी काही मिलिसेकंदांपुरते जागे होतात. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथच्या मानकात झोपेतल्या घड्याळाला दहा लाखांत ५०० भागांपर्यंत चुकण्याची मुभा आहे. दोन्ही बाजू तितक्या चुकल्या, तर एका सेकंदानंतरच्या भेटीसाठी घड्याळाच्या रेडिओला अपेक्षित क्षणाच्या आधी आणि नंतर एकेक मिलिसेकंद कान उघडे ठेवावे लागतात. दोन्हीकडे वीस भागांचा स्फटिक असेल, तर ही वाट पाहणे पंचवीस पटींनी घटते. त्यामुळे स्फटिक निवडताना अभियंता तबकडीवरच्या वेळेइतकाच बॅटरीचाही विचार करतो.