पिठाच्या पोत्याचं कापड आणि अमेरिकेतलं घरगुती शिवण: पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत पीठ, साखर, मीठ हा सगळा माल लाकडी पिंपातून विकला जायचा. पिठाचं पिंप १९६ पौंडांचं, म्हणजे जवळपास ८९ किलोंचं. पिंप जड होतं, गाडीत जागा खायचं आणि फळ्या सुटल्या की गळायचं. तरी ते टिकून राहिलं, कारण हाताने शिवलेली पिशवी एवढं ओझं पेलत नव्हती. कापड शाबूत राहायचं आणि शिवण उसवायची. १८४६ साली इलायस हाउ यांनी दोन दोऱ्यांनी गुंतणाऱ्या टाक्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, शिवणयंत्रं कारखान्यांत शिरली आणि कापडी पोतं भरवशाचं झालं. सेंट लुइसमध्ये जडसन मॉस बेमिस यांनी १८५८ साली यंत्रावर शिवलेल्या पिशव्यांचा धंदा सुरू केला. पुढे तो देशातल्या मोठ्या पोतेवाल्यांपैकी एक झाला.

पिंप गेलं, पण त्याचं माप पोत्याला चिकटलं. अर्ध्या पिंपाचं पोतं ९८ पौंडांचं, पाव पिंपाचं ४९ पौंडांचं, त्याच्या निम्मं साडेचोवीस पौंडांचं. दुसऱ्या महायुद्धात सरकारने मापं बांधून दिली आणि २, ५, १०, २५, ५०, १०० पौंड हे सरळ आकडे आले. जुनं पोतं हातात आलं की आधी त्यावरचा वजनाचा आकडा पाहावा. ४९ किंवा ९८ असेल, तर कापड बहुधा युद्धकाळातल्या त्या नियमाआधीचं आहे.

पोत्यात काय भरायचं यावर वीण ठरायची. पीठ बारीक, सैल विणीतून झिरपणारं, म्हणून पिठाच्या पोत्याला दाट विणीचं, आपल्या मांजरपाटाच्या जातीचं कापड लागायचं. साखरेचं त्याहून तलम. पेंड, भरडा, बियाणं यांना मात्र जाडाभरडा सैल कपडा चालायचा. त्यामुळे ‘पोत्याचं कापड’ म्हणून एकच एक कापड कधी नव्हतं. शिवायला घेताना आज ज्या अडचणी येतात, त्यातल्या निम्म्या हा फरक न ओळखल्यामुळे येतात.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गिरणीवाल्यांनी पोत्यात जे बदल केले, त्यातले बहुतेक घराघरांतल्या बाया त्या पोत्याचं आधीच काय करत होत्या हे पाहून केले. फुकटचं कापड वाया न घालवणं हे शेतकरी घरात ठरलेलंच होतं. फडकी, लंगोट, झबली, आतले कपडे, अभ्रे हे सगळं छापील पोती निघण्याच्या कितीतरी आधीपासून शिवलं जात होतं.

उसवणं आणि शाई काढणं

पोतं म्हणजे एकच कापड दुमडून तळाला आणि एका बाजूला शिवलेलं. तोंड गिरणीत साखळी टाक्याने बंद केलेलं असायचं. साखळी टाका ज्या टोकाला संपतो त्याच टोकाकडून सरसर उसवतो. उलट टोकाने ओढला की आवळत जातो. म्हणून सपाट टिपेची, म्हणजे साखळी न दिसणारी, बाजू आपल्याकडे धरून उजव्या टोकाचा दोरा कापावा आणि ओढावा. अडकला तर जोर न लावता दुसरं टोक धरून बघावं, कारण ताणाताणीत विणीचे धागे सरकतात आणि ती फट धुऊनही बुजत नाही. निघालेला दोरा कोणी टाकत नसे. तो गुंडाळून ठेवायचा आणि त्यावर क्रोशाचं काम करायचं.

१०० पौंडांचं पोतं उसवलं की साधारण ३६ ते ३९ इंच रुंद आणि ४२ ते ४६ इंच लांब असा तुकडा मिळतो, म्हणजे वारापेक्षा थोडं जास्त कापड.

खरी डोकेदुखी शाईची. सुरुवातीला गिरणीचं नाव, चित्र, वजन हे सगळं थेट कापडावर पक्क्या शाईने छापलेलं असायचं. छापावर डुकराची चरबी किंवा रॉकेल चोळायचं, रात्रभर मुरू द्यायचं, मग साबणाच्या कोमट पाण्यात चोळून धुवायचं आणि शेवटी उकळायचं. रॉकेल लावलेलं कापड पुरतं खळबळून काढल्याशिवाय विस्तवाजवळ नेऊ नये, हे सांगायलाच हवं. क्रमही महत्त्वाचा: चरबीने तेलकट शाई सैल होते आणि साबण ती उचलतो. आधीच उकळलं तर शाई धाग्यात पक्की बसते. एवढं करूनही फिकट अक्षरं राहायचीच, आणि ती आतल्या कपड्यांकडे, अस्तराकडे किंवा गोधडीच्या पाठीकडे जायची.

१९३०च्या दशकात पोतेवाल्यांनी पाण्याने निघणारी शाई आणली आणि ती कशी काढायची हे पोत्यावरच छापलं. छापील कापडाच्या पोत्यांवर तर नाव कागदी पट्टीवर आलं. थंड पाण्यात भिजवली की पट्टी सुटायची आणि कापड कोरं राहायचं.

बेल्जियम, १९१४

पोत्याच्या कापडाचं मोल सगळ्या जगाला दिसलं ते पहिल्या महायुद्धात. जर्मनीने बेल्जियम व्यापला, ब्रिटनने समुद्रातून नाकेबंदी केली आणि अन्नाची आयात थांबली. ऑक्टोबर १९१४ मध्ये हर्बर्ट हूवर (पुढे अमेरिकेचे अध्यक्ष) यांच्या नेतृत्वाखाली बेल्जियम मदत आयोग उभा राहिला आणि अमेरिका-कॅनडातून पीठ जाऊ लागलं. मिनियापोलिसच्या ‘नॉर्थवेस्टर्न मिलर’ या गिरणी व्यवसायाच्या पत्रिकेचे संपादक विल्यम एडगर यांनी गिरण्यांकडून पीठ गोळा केलं. पीठ ४९ पौंडांच्या मजबूत सुती पोत्यांतच द्यावं, म्हणजे रिकामं पोतं तिथे कपड्याला उपयोगी पडेल, असा त्यांचा आग्रह होता.

रिकाम्या पोत्यांचा हिशोब काटेकोर ठेवावा लागायचा. कापसापासून बंदुकीच्या दारूत लागणारं नायट्रोसेल्युलोज बनतं, त्यामुळे ते कापड जर्मनांच्या हाती पडू नये अशी अट होती. पोती मोजून शिवणकेंद्रांत, मठांत आणि लेस विणायच्या शाळांत दिली गेली. तिथे आधी गरजेचे कपडे शिवले गेले. पण बेल्जियमच्या कारागीर बायांनी आणखी एक काम केलं: छापलेलं चित्र आणि गिरणीचं नाव तसंच ठेवून त्यावरून रेशमी दोऱ्याने भरतकाम केलं, कडेला लेस लावली. अशी पोती विकून मदतीला पैसा उभा राहिला, काही आभार म्हणून परत धाडली गेली. आयोवातल्या वेस्ट ब्रांच इथल्या हूवर संग्रहालयात अशी शेकडो पोती जपलेली आहेत. जी छापाई काढून टाकायला अमेरिकेतल्या बाया रात्रभर चरबी मुरवत ठेवायच्या, तिच्याच रेघांवर हे भरतकाम उभं आहे. जुन्या पोत्याचा छाप सरसकट पुसू नये असं आमचं मत आहे, ते त्यामुळेच.

छापील कापड येतं

सुती पोतं गिरणीला महाग पडायचं आणि कागदी पिशवी स्पर्धेला उभीच होती. मग पोतंच माल खपवायला कामी आणावं, ही कल्पना पुढे आली. १९२४ मध्ये एसा बेल्स यांनी कपड्यालायक नक्षीच्या कापडाचं पोतं करण्याच्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला. सेंट लुइसच्या जॉर्ज पी. प्लँट मिलिंग कंपनीने ‘गिंगम गर्ल’ हे पीठ चौकड्याच्या कापडात भरून विकलं. पाठोपाठ बेमिस, पर्सी केंट, अटलांटाची फुल्टन बॅग, नॅशव्हिलची वर्दन हे सगळे पोतेवाले या धंद्यात उतरले. फुलं, पट्टे, ठिपके, मुलांच्या गोष्टींतली चित्रं निघाली. अभ्र्यासाठी काठाची नक्षी असलेली पोती आली आणि बाहुलीचे भाग छापलेल्या साखरेच्या पिशव्याही. नक्षी ठरवायला चित्रकार नेमले गेले.

१९२९ नंतरच्या मंदीत हे कापड लाखो घरांचा आधार झालं. कोंबड्या आणि अंडी हा शेतावर बहुधा बाईचा व्यवहार. त्यामुळे कोंबड्यांचं खाद्य कोणत्या दुकानातून आणायचं यात तिचा शब्द चालायचा, आणि तो शब्द आता नक्षी बघून ठरू लागला. एका झग्याला तीन पोती लागायची आणि तिन्ही एकाच नक्षीची हवीत. नवरा दुकानात गेला की नमुन्याचा तुकडा खिशात घेऊन जायचा, आणि हवं ते पोतं थप्पीच्या तळाशी असलं की दुकानदाराला सगळी थप्पी उतरवावी लागायची. शेजारणी आपापसांत पोती बदलून घ्यायच्या.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, कपड्यांवर निर्बंध आले, पण पोत्याचं कापड औद्योगिक माल म्हणून त्यांतून सुटलं. त्याच वेळी कलकत्त्याहून जाणाऱ्या तागाच्या कापडाची आवक आटली आणि जो माल एरवी गोणपाटात जायचा, तोही सुती पोत्यांकडे वळला. पोतेवाल्यांची संघटना आणि राष्ट्रीय कापूस परिषद यांनी पोत्याच्या कापडावर शिवणाच्या पुस्तिका काढल्या, स्पर्धा भरवल्या. कॅन्ससमधल्या कॅल्डवेल इथल्या एका बाईने १९५९ च्या अशा स्पर्धेसाठी शिवलेला झगा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

बेतणं: गणित पोत्याचं

त्या काळच्या शिवणाची सगळी अक्कल एका मर्यादेतून आली: तुकडा वारभराचा, त्यापलीकडे कापड नाही. झग्याच्या तीन पोत्यांत एक घेराच्या पुढच्या भागाला, एक मागच्या भागाला आणि तिसरं वरच्या अंगाला व बाह्यांना, अशी विभागणी असायची. एप्रनला एक पोतं पुरतं. उशीच्या नेहमीच्या अभ्र्याला १०० पौंडांचं एक. ३६ बाय ४२ इंचांची चार पोती दोन-दोन अशी जोडली की ७२ बाय ८४ इंचांची चादर होते, शिवणीत जाईल तेवढी कमी. चादरीची जोडणी साध्या टिपेने करू नये. सैल विणीचं कापड तिथून विरतं. एक कड दुसरीत दुमडून वरून दाबटीप मारली तर ती चादर वर्षानुवर्षं टिकते.

कापण्याआधीची तयारी चुकली की सगळं चुकतं. कोऱ्या कापडात खळ असते आणि ते अजून आटायचं असतं. जाड सैल कपडा तर बघता बघता बराच आटतो. आधी थंड पाण्यात भिजवून, मग गरम साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, ओलसर असतानाच इस्त्री करावी. त्यानंतर एक आडवा धागा ओढून कड सरळ करावी. पोती घाईने कापून शिवलेली असल्याने तुकडा बहुतेक वेळा तिरपा निघतो. तसाच बेतला तर झग्याचा घेर धुतल्यावर एका बाजूला वळतो. कापड उरेब दिशेने कोपऱ्याकोपऱ्याने ताणून ते सरळ करता येतं. सुईचं म्हणाल तर पिठाच्या दाट कापडाला ११ किंवा १२ नंबर, जाड्याभरड्याला १४. शिवणीत अर्धा ते पाऊण इंच कापड सोडावं आणि कड उघडी ठेवू नये.

कडेला जुन्या टिपेची भोकं ओळीने दिसतात. दाट विणीत ती बुजत नाहीत, म्हणून बेतताना ती शिवणीच्या आत घ्यावीत. कापड खरंच पोत्याचं होतं याची सर्वांत भक्कम खूणही हीच भोकं आहेत. नुसत्या नक्षीवरून ठरवता येत नाही, कारण त्याच नक्षीचं कापड वारावरही विकलं जायचं.

शेवट आणि आज हाती येणारं कापड

युद्धानंतर अनेक थरांची कागदी पिशवी पोत्यापेक्षा बरीच स्वस्त झाली. घरी पाव भाजणं कमी झालं, तयार पाव आला आणि ५० पौंड पीठ एकदम घेणारी घरं घटली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सुती पोती जवळपास संपली. आज दुकानात ‘फ्लोअर सॅक टॉवेल’ (फ्लोअर सॅक म्हणजे पिठाचं पोतं) म्हणून मिळतो तो पातळ सुती टॉवेल. त्या नावापलीकडे पोत्याशी त्याचा संबंध नाही.

अमेरिकेत जुन्या सामानाच्या विक्रीत खरी पोती अजून मिळतात. घेताना कापड उजेडासमोर धरावं आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून पाहावं. कुजलेला धागा कर्र आवाज करून सुटतो. ते कापड पांघरायच्या गोधडीलाही घेऊ नये. लाल आणि गडद निळा रंग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून तपासावा. पिवळट डागांना ऑक्सिजनवाल्या ब्लीचचं कोमट पाणी आणि काही तासांचा धीर पुरतो. क्लोरीनचं ब्लीच धागा खातं आणि गंजाचा डाग आणखी पक्का करतं. गंजाला लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवावं.

पोत्यात आधी काय होतं, हेही विचारावं. खताच्या पोत्याचा धागा आतल्या आम्लाने कमकुवत झालेला असतो, धुऊनही तो सुधारत नाही. बियाण्याचं पोतं असेल तर जास्त जपावं, कारण १९२०च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं बियाण्याला पाऱ्याची बुरशीनाशकं लावली जायची. पोत्यावर बियाण्याला औषध लावल्याची सूचना दिसली, किंवा बियाण्याचं पोतं असून अशी खात्री करता येत नसली, तर त्याचं फडकं, अभ्रा किंवा लहान मुलाचं काहीही शिवू नये. ते न धुता काचेच्या चौकटीत लावावं.