पाती फिरतात, केळं हलत नाही

उन्हाळा लागला की नात्यागोत्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. प्रोटीन शेक म्हणे साध्या मिक्सरमध्ये करू नये, पात्यांच्या वेगाने आणि उष्णतेने प्रोटीन 'मरतं'. खाली एखाद्या महागड्या ब्लेंडरचं चित्र. जिमला जाणारी पोरं हे वाचून आईच्या मिक्सरकडे संशयाने बघतात आणि वडिलांकडे पंधरा-वीस हजारांची मागणी ठेवतात.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, ठरावीक घड्या घालून बसलेली. ती जिवंत नसतेच, तर मरणार कशी? तिच्या घड्या मात्र उलगडू शकतात. दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांच्या, म्हणजे डब्यात मिळणाऱ्या 'व्हे'च्या घड्या साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास उलगडू लागतात. मिक्सर तिथवर पोचतो का, याचं गणित दहावीच्या विज्ञानाने होतं. ५०० वॅटचा मिक्सर एक मिनिट पूर्ण ताकदीने चालला तर वीज खर्च होते ३० हजार ज्यूल. त्यातली निम्मी मोटारच्या गरम होण्यात गेली असं धरलं, तर उरलेली १५ हजार ज्यूल ऊर्जा भांड्यातल्या द्रवाला घुसळते आणि शेवटी तिचीही उष्णताच होते. अर्धा किलो स्मूदीचं, म्हणजे दूध-फळं घुसळून केलेल्या दाट पेयाचं, तापमान त्याने सात-आठ अंश वाढेल. मे महिन्यात भुसावळला ओट्यावर ठेवलेलं दूध याहून जास्त तापतं, आणि तेही फुकट.

घुसळण्याची उष्णता होते हे जेम्स ज्यूलने १८४५ मध्ये मोजून दाखवलं. त्याने पाण्याच्या भांड्यात वल्ह्यांचं चाक बसवलं, खाली उतरणाऱ्या वजनांनी ते फिरवलं आणि पाणी किती तापलं ते पाहिलं. त्या भांड्याच्या आत भिंतीला उभ्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. या पट्ट्या लक्षात ठेवा, आपल्याला लागणार आहेत.

आणि समजा घड्या उलगडल्याच, तर बिघडलं काय? पोटातलं आम्ल पहिल्यांदा तेच काम करतं. घड्या उलगडल्याशिवाय पाचक विकरांना (एन्झाइम्सना) साखळी नीट तोडता येत नाही. तालमीत कच्ची अंडी दुधात फोडून पिण्याची जुनी रीत आहे, आणि कच्च्यात 'ताकद' जास्त हा तिच्यामागचा समज. १९९८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं आणि कच्च्यातलं जेमतेम ५१ टक्के. म्हणजे ज्याला मजकूरवाले 'मेलेलं' म्हणतात तेच अंगी लागतं. कच्ची डाळ किंवा कच्चं सोयाबीन भिजवून स्मूदीत घालणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. त्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे पदार्थ असतात आणि ते उष्णतेनेच निकामी होतात. भाजलेलं डाळं आणि भाजलेले शेंगदाणे चालतात ते यामुळे.

तेव्हा प्रोटीन मरण्याची काळजी सोडून द्या. मिक्सरची खरी अडचण वेगळी आहे, आणि मला ती फार आवडते.

भांड्यात घट्ट दही, दोन केळी, डाळ्याचं पीठ आणि बर्फ घालून बटण फिरवलं की पहिले दोन-तीन सेकंद घरघर होते. मग एकदम आवाज चढतो, मिक्सर सुसाट सुटतो. ऐकणाऱ्याला वाटतं, जोरात चाललंय. झाकण काढून बघावं तर वर केळ्याचे तुकडे जसेच्या तसे. पाती फिरत होती, केळं जागचं हललंच नाही.

हे समजायला आधी पातळ द्रव घेऊ. पात्यांजवळचा द्रव फिरतो आणि बाहेरच्या बाजूला फेकला जातो. मध्यभागी दाब कमी होतो, कडेला वाढतो, आणि पृष्ठभाग मधे खोल, कडेला उंच असा होतो. हा भोवरा. सगळा द्रव एकसंध फिरला तर कड आणि मध्य यांच्या उंचीतला फरक काढायचं सूत्र सोपं आहे: कडेच्या वेगाचा वर्ग, भागिले गुरुत्वीय त्वरणाची दुप्पट. आता दहा सेंटिमीटर व्यासाचं भांडं घ्या आणि द्रव मिनिटाला ३,००० फेरे घेतोय असं धरा. कडेचा वेग येतो सेकंदाला सुमारे १५.७ मीटर, वर्ग केला की २४६, त्याला १९.६ ने भागलं की साडेबारा मीटर! ताक चार मजली इमारतीएवढं चढायला हवं. तसं होत नाही, कारण द्रव पात्यांइतका जोरात फिरतच नाही. पण मिनिटाला ६०० फेऱ्यांनाही ही उंची अर्धा मीटर येते. झाकण का दाबून धरायचं ते इथे कळतं.

द्रव पात्यांइतका फिरत नाही हीच चांगली गोष्ट आहे. भुसावळ जंक्शनवरून दोन गाड्या शेजारच्या रुळांवरून एकाच वेगाने एकाच दिशेला निघाल्या, तर खिडकीतल्या माणसाला समोरची गाडी उभीच वाटते. पातं आणि केळ्याचा तुकडा यांचं तसंच आहे. दोघं एकाच वेगाने फिरू लागले तर पातं तुकड्याला शिवणारच नाही. कापायला हवा तो वेगातला फरक. म्हणून चांगल्या भांड्याच्या आतल्या भिंतीला उभ्या कडा असतात, ज्यूलच्या भांड्यात होत्या तशाच. गोल फिरणारा द्रव त्या कडांवर आपटतो, त्याचं फिरणं मोडतं आणि तो भिंतीलगत वर चढतो. वर गेला की मधल्या खळग्यातून पुन्हा खाली पात्यांवर पडतो. वर-खाली असं हे अभिसरण सुरू राहिलं तरच भांड्यातला प्रत्येक तुकडा कधी ना कधी पात्याखाली येतो. स्मूदीचं सगळं यश या फेरीत आहे.

आता घट्ट मिश्रण. केळ्याचा गर पाण्यासारखा वागत नाही. त्याला ठरावीक जोर लागेपर्यंत तो वाहतच नाही, आणि वाहू लागला की जोर वाढेल तसा पातळ होतो. पात्याला लागून असलेला थर जोरात घुसळला जातो, पातळ होतो आणि बाहेर फेकला जातो. पण त्याची जागा भरायला वरचा गर खाली यायला हवा, तो येत नाही. त्याच्यावर पडणारं वजन त्याला वाहतं करायला पुरत नाही. पात्याभोवती पोकळी तयार होते, तिच्यात हवा भरते, आणि पातं त्या हवेत गरगरत राहतं.

मग आवाज का चढतो? आपल्या मिक्सरमध्ये 'युनिव्हर्सल' मोटार असते, कार्बनचे ब्रश असलेली. पाठीमागच्या झरोक्यातून निळसर ठिणग्या दिसतात ती. हिच्यात फिरणाऱ्या भागाची गुंडाळी आणि स्थिर चुंबकाची गुंडाळी एकाच ओळीत जोडलेल्या असतात, त्यामुळे दोघींतून एकच विद्युतप्रवाह जातो. मोटार फिरताना स्वतःच एक उलट विद्युतदाब तयार करते, आणि तो फिरण्याचा वेग व चुंबकाची ताकद यांच्या गुणाकारावर ठरतो. भार कमी झाला की प्रवाह घटतो. प्रवाह घटला की चुंबक दुबळा होतो. दुबळ्या चुंबकाने तेवढाच उलट दाब द्यायचा तर मोटारला जास्त वेगाने फिरावं लागतं. भार आणखी कमी, वेग आणखी जास्त. पंख्याची किंवा विहिरीवरच्या पंपाची मोटार असं करत नाही, तिचा वेग विजेच्या ५० हर्ट्झने बांधलेला असतो. मिक्सरला तसं बंधन नाही. रिकामा चालवला तर तो मिनिटाला १८-२० हजार फेऱ्यांपर्यंत जातो. सहा सेंटिमीटर व्यासाच्या पात्याचं टोक तेव्हा ताशी २०० किलोमीटरच्या घरात असतं. म्हणून चढलेला आवाज म्हणजे पातं हवेत आहे, काम बंद आहे. मिक्सर थांबवा, चमच्याने ढवळा, थोडं दूध ओता. तापमापक, टायमर काही नको, कान पुरे.

उलट बाजूही बघा. संध्याकाळी गावात सगळ्यांचे दिवे आणि कूलर एकदम लागतात आणि व्होल्टेज पडतं. मोटारचा जोर कमी होतो आणि ती बर्फात किंवा घट्ट गरात अडकते. अडकली की उलट विद्युतदाब शून्य, आणि आत शिरणाऱ्या प्रवाहाला गुंडाळीच्या तारेखेरीज कुणी अडवत नाही. करपट वास येतो तो यातून. मिक्सरच्या तळाचं, वीज तोडणारं छोटं बटण अशा वेळी उडतं. ते लगेच दाबून परत चालू करण्याची घाई करू नये, मोटार थंड होऊ द्यावी.

आता कोणतं यंत्र घ्यायचं. सगळ्यात मोठ्या अक्षरात छापतात ते वॅट, आणि त्यांचा अर्थ मोटार किती वीज खाते एवढाच. ती वीज केळ्यापर्यंत पोचते की पोकळीत जाते, हे वॅटवरून कळत नाही. आपल्याकडचा मिक्सर खोबरं, लसूण, काळा मसाला वाटायला घडवलेला आहे. ५०० ते ७५० वॅटचा कोणताही धड मिक्सर दुधाची स्मूदी करतो, फक्त भांडं नीट निवडा: उभ्या कडा असलेलं, दीड लिटरचं, आणि दोन-तृतीयांशाहून जास्त न भरलेलं. रुंद भांड्यात थोडंसं मिश्रण घातलं तर ते पात्यांच्या वर चढतच नाही. एकट्यापुरती करायची असेल तर अरुंद, उलटं बसणारं पेल्याचं भांडं बरं. नुसती पावडर दुधात मिसळायची असेल तर यंत्र हवंच कशाला? ताकाची रवी आहे, झाकणाची बाटली आहे. हॅंड ब्लेंडरचा एक फायदा मात्र खरा: पोकळी झाली की हात वर-खाली करून ती मोडता येते. महागडे ब्लेंडर वाईट नसतात. त्यांची भांडी पोकळी टाळायला नीट घडवलेली असतात आणि गोठलेल्या फळांचं जाड मिश्रण रोज करणाऱ्याला ती उपयोगी पडतात. 'प्रोटीन वाचवणारे' म्हणून मात्र कुणी विकत असेल तर पुढच्या दुकानात जावं.

घालण्याचा क्रमही याच पोकळीवरून ठरतो. आधी दूध किंवा ताक, त्यावर पीठ, मग मऊ केळं, सगळ्यात वर बर्फ किंवा गोठलेले तुकडे. पाती पहिल्या क्षणापासून द्रवात राहिली पाहिजेत आणि वरच्या जड तुकड्यांनी मऊ गराला खाली दाबलं पाहिजे. उलट्या पेल्याच्या भांड्यात हा क्रमही उलटा. सुरुवात पल्सवर थांबत-थांबत.

कोरडं साहित्य आधीच चटणीच्या छोट्या भांड्यात दळून घ्यावं. साधारण २०-३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण जिभेला रवाळ लागतात, आणि दुधात पडलेलं डाळं तितकं बारीक होत नाही, ते पात्यांपासून निसटत राहतं. शेंगदाणे एकटे दळले की तेल सुटून गोळा होतो. डाळ्याबरोबर दळले तर ते तेल पीठ शोषून घेतं.

हिशेब असा: पाव लिटर दुधात ८ ग्रॅम प्रथिन, ३० ग्रॅम डाळ्यात सुमारे ६, २० ग्रॅम शेंगदाण्यांत ५, केळ्यात जेमतेम १. झाले २० ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेलं प्रमाण निरोगी प्रौढासाठी वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. एका पेल्यात दिवसाचा चाळीस टक्के भाग आला, डबा न उघडता. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

केळं यात प्रथिनासाठी नाहीच, ते गोडी आणि दाटपणासाठी. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर-यावलकडच्या माणसाला ते विकत घ्यायचा प्रसंग क्वचितच येतो. वखारीत दर पडला की घरोघरी घडच्या घड पिकत पडतात. अशा वेळी काप करून गोठवून ठेवावेत. बर्फाची गरज संपते आणि स्मूदीला पाणी सुटत नाही. 'दूध आणि केळं एकत्र घेतलं की पोटात दूध फाटतं' असं सांगणारे नानाही भेटतात. खरंच फाटतं. दूध कुणाच्याही पोटात फाटतंच, केळं असो वा नसो. तिथल्या आम्लाचं आणि विकरांचं ते रोजचं काम आहे. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी दही किंवा ताक वापरावं.

केळ्याचा एक खरा दोष आहे, पण तो कुणी फॉरवर्ड करत नाही. कापलेलं केळं काळं पडतं ते पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाच्या विकरामुळे. हे विकर कोको, द्राक्षं, सफरचंद यांतल्या फ्लॅव्हनॉल या उपयुक्त द्रव्यांनाही सोडत नाही. डेव्हिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि ब्रिटनचं रेडिंग विद्यापीठ इथल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं, की केळं घातलेली स्मूदी प्यायल्यावर रक्तातलं फ्लॅव्हनॉलचं प्रमाण, केळ्याशिवाय तेवढंच फ्लॅव्हनॉल घेतलं त्या तुलनेत, ८४ टक्के कमी भरलं. प्रथिनाला याने काही होत नाही. पण कोको पावडर 'हृदयासाठी' म्हणून घालत असाल तर ती केळ्याबरोबर वाया जाते. चवीसाठी घालत असाल तर बिनधास्त घाला.

भांडं मात्र लगेच धुवा. पात्याखालच्या वॉशरमध्ये दूध आणि पीठ अडकतं, आणि आपल्याकडच्या उन्हात दुपारपर्यंत ते आंबतं. कोमट पाणी आणि साबणाचा थेंब घालून मिक्सर दहा-पंधरा सेकंद फिरवला की झालं. फक्त अर्ध्या भांड्याहून जास्त पाणी नको, नाहीतर फेस झाकणातून ओट्यावर येतो.