वायलम (टाइन नदीकाठचं गाव)

वायलम हे उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंड काउंटीतलं छोटंसं गाव, न्यूकॅसलच्या पश्चिमेला साधारण १५ किलोमीटरवर. वस्ती बरीचशी टाइन नदीच्या उत्तर काठाला, आणि १८३५ चं रेल्वे स्टेशन मात्र दक्षिण काठाला, त्यामुळे ट्रेन पकडायची तर आधी पूल ओलांडा. मध्ययुगात गाव टाइनमथच्या मठाच्या मालकीचं होतं. आता झाडीबिडी, एकदम शांत, पण १८६८ पर्यंत इथे कोळशाची खाण चालू होती.

खाण नदीकाठी असूनही कोळसा थेट होडीत भरता यायचा नाही, कारण एवढ्या वर होड्या येत नसत. म्हणून १७४८ च्या सुमारास लेमिंग्टनपर्यंत ८ किलोमीटर लाकडी रूळ टाकले, त्यावर घोडे वाघिणी ओढायचे आणि तिथून पुढे कोळसा 'कील' नावाच्या होड्यांतून जायचा. या रुळांना अगदी लागून असलेल्या घरात १७८१ मध्ये 'रेल्वेचा जनक' म्हणून ओळखला जाणारा इंजिनिअर जॉर्ज स्टीफन्सन जन्मला. घरात चार कुटुंबं, स्टीफन्सन मंडळींच्या वाट्याला एकच खोली.

पण वायलम म्हटलं की नुसता स्टीफन्सन सांगतात ते काही बरोबर नाही. तो लहानपणीच गाव सोडून गेला, इथली इंजिनं दुसऱ्यांनीच केली. नेपोलियनच्या युद्धामुळे घोड्यांचा चारा महागला, तेव्हा खाणमालक क्रिस्टोफर ब्लॅकेट वाफेच्या मागे लागला आणि त्याचा मॅनेजर विल्यम हेडली याने १८१३-१४ मध्ये 'पफिंग बिली' आणि 'वायलम डिली' ही इंजिनं उभी केली. गुळगुळीत चाकं जागच्या जागी फिरतील अशी भीती होती, ती हेडलीने आधी माणसांनी फिरवायची गाडी करून घालवली. लाकडी रुळांच्या जागी तोवर बिडाचे रूळ आले होते, ते मात्र वजनाने तुटायला लागले, मग चारऐवजी आठ चाकं लावली! १८२२ मध्ये कीलवाल्यांनी संप केला तर डिलीचं इंजिन चक्क होडीवर चढवून तिच्याकडून बाकीच्या होड्या ओढून घेतल्या.

आपल्याकडच्या बोरीबंदर-ठाणे लाइनचा (१८५३) चीफ इंजिनिअर जेम्स बर्कली हा जॉर्जचा मुलगा रॉबर्ट याच्या हाताखाली तयार झालेला.

पफिंग बिली आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, जगातलं टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं रेल्वे इंजिन. डिली एडिनबराला. रुळांच्या जागी सायकलची वाट झालीय, स्टीफन्सनचं घर अजून तिच्या कडेलाच आहे.