कावीळ असताना लिम्फोमाचा उपचार

नाशिकमध्ये पंचवटीतल्या वाड्यापासून सिडकोतल्या गॅलरीपर्यंत सदाफुली कुठेही दिसते. लिम्फोमावर, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरवर, दिलं जाणारं व्हिन्क्रिस्टीन हे औषध याच झाडापासून मिळतं. ते शरीराबाहेर टाकायचं काम मुख्यतः यकृताचं. मग रुग्णाचे डोळे आधीच पिवळे झाले असतील तर?

लिम्फोमाच्या एका मोठ्या गटासाठी ‘आर-चॉप’ हा पाच औषधांचा संच वापरतात. त्यातलं लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिनही यकृतावाटेच बाहेर पडतं. यकृत थकलेलं असलं की ते रक्तात रेंगाळतं आणि पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. म्हणून बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, डेसिलिटरला १.२ मिलिग्रॅमच्या वर गेलं की साधारणपणे डोस निम्मा, ३ च्या वर पाव, ५ च्या वर बंद. व्हिन्क्रिस्टीनही ३ च्या वर निम्मं करतात, नाहीतर हातपाय बधिर होतात, पोट साफ होईनासं होतं.

पण हा आकडा कावीळ किती ते सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. कधी लिम्फोमाच्याच पेशी यकृतात शिरलेल्या असतात, कधी सुजलेल्या गाठी पित्तनलिका दाबतात. अशा वेळी ‘आधी कावीळ उतरू दे, मग केमो बघू’ म्हणणं जिवावर बेतू शकतं, कारण इथे कावीळ उतरवणारं औषध केमोच असतं. डॉक्टर बहुधा स्टिरॉइडने सुरुवात करतात, गरज पडली तर एंडोस्कोपीने नलिकेत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी छोटी नळी, बसवतात आणि बिलिरुबिन खाली येईल तशी बाकीची औषधं वाढवत नेतात. सिरोसिसने आक्रसलेल्या यकृताची गोष्ट वेगळी. तिथे गाठी विरघळल्या तरी यकृत पूर्ववत होत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती हेपॅटायटिस बीची, म्हणजे यकृताच्या एका विषाणूजन्य आजाराची. हा आजार ‘बरा झाला’ तरी विषाणूचा डीएनए यकृतपेशींच्या केंद्रकात दडून राहतो. प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. आर-चॉपमधला ‘आर’, म्हणजे रिटुक्सिमॅब, कॅन्सरच्या बी-पेशींबरोबर (बी-पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) निरोगी बी-पेशीही मारतो. पहारा उठतो आणि विषाणू पुन्हा वाढू लागतो. त्यातून यकृत निकामी होऊन रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबाबतचा इशारा आणखी कडक केला. म्हणून उपचाराआधी रक्ताच्या दोन तपासण्या हव्यात: चालू संसर्ग दाखवणारी एचबीएसएजी आणि पूर्वी झालेलाही दाखवणारी अँटी-एचबी कोअर. पहिली निगेटिव्ह आली म्हणून दुसरी सोडू नये, कारण जुना, दडलेला संसर्ग दुसरीतच कळतो.

संसर्ग सापडला म्हणून लिम्फोमाचा उपचार अडत नाही. एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर या विषाणूला दाबणाऱ्या औषधाची रोजची गोळी सोबत सुरू करतात.

आपल्याकडे कावीळ म्हटलं की कुणीतरी गावठी औषधाचा पत्ता देतोच. लिम्फोमाच्या रुग्णाला ते कृपा करून देऊ नका. काही झाडपाल्याने यकृताला थेट इजा होते. सदाफुलीची पानंही खाऊ नयेत, ती विषारी असतात.

आणि हेपॅटायटिस बीची ती रोजची गोळी केमो संपल्यावर बंद करायची नसते. रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसनंतर निदान १२ महिने ती चालू ठेवतात. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागाईतदाराला सांगायचं तर, शेवटचा डोस ऑक्टोबर छाटणीला झाला असेल, तर पुढची ऑक्टोबर छाटणी येईपर्यंत तरी गोळी रोज. त्यानंतरही ती कधी थांबवायची हे डॉक्टरच सांगतील, आणि थांबवल्यावरही काही महिने यकृताच्या तपासण्या सुरूच राहतात.