रग्बीतला 'रिलीज'चा घोळ: क्लब आणि देश यांच्या रस्सीखेचीची पार्श्वभूमी

ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत रग्बी युनियन या खेळाच्या जागतिक संघटनेने हौशीपणाचा नियम सोडला आणि खेळाडूला उघडपणे पगार देता येऊ लागला. त्याआधीची शंभर वर्षं हा प्रश्नच नव्हता. पगारच नाही, तर पगारावरून भांडण कुठलं? पण पगार कोण देणार, हे त्या बैठकीत कुणी ठरवलं नाही. देशाच्या सामन्यांसाठी क्लबने खेळाडूला सोडायचं की नाही, म्हणजे 'रिलीज'वरून होणारी आजची सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

दक्षिण गोलार्धातल्या तीन देशांनी त्याच वर्षी टीव्हीचे हक्क दहा वर्षांसाठी ५५.५ कोटी अमेरिकी डॉलरला विकले होते. हाती पैसा असल्यामुळे न्यूझीलंडसारख्या देशात खेळाडूचा करार राष्ट्रीय संघटनेशीच झाला. आयर्लंडने चार प्रांतांचे संघ संघटनेच्या छत्राखाली ठेवले आणि तेच साधलं. इंग्लंडच्या संघटनेने मात्र व्यावसायिकतेला एक वर्षाची स्थगिती दिली. त्या वर्षात धनिकांनी क्लब विकत घेतले आणि खेळाडू करारबद्ध केले. स्थगिती उठली तोवर राष्ट्रीय संघातले खेळाडू दुसऱ्यांचे नोकर झाले होते. फ्रान्समध्ये क्लबांची अजिंक्यपद स्पर्धा १८९२ पासूनची, त्यामुळे तिथे वेगळं काही होणं कठीणच होतं.

आता 'रिलीज' या शब्दाकडे येऊ, कारण निम्मा वाद या शब्दाच्या अर्थाचा आहे. जागतिक नियमावलीतल्या नवव्या नियमानुसार ठरलेल्या कालखंडात, म्हणजे 'विंडो'त, देशाने बोलावलं तर क्लबला खेळाडू सोडावाच लागतो आणि त्याबद्दल भरपाईचा हक्क क्लबला मिळत नाही. विंडोबाहेर मात्र मालक क्लबच. पण सोडणं म्हणजे नेमकं काय? सामन्यापुरतं सोडणं, सरावाच्या दिवसांसाठी सोडणं आणि परतल्यावर सक्तीची विश्रांती देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडो पहिलीचं उत्तर देते. बाकीच्या दोन देशोदेशीच्या करारांवर राहतात. फ्रान्सच्या व्यवस्थेत राष्ट्रीय प्रशिक्षक ४२ जण बोलावतो, आठवड्याच्या मध्यावर त्यातले १४ क्लबकडे परततात आणि २८ राहतात. परतलेल्याने दोन-तीन दिवस दुसऱ्याच डावपेचांचा सराव केलेला असतो, आणि शनिवारी त्याला क्लबच्या लाइनआउटच्या (बाहेर गेलेला चेंडू पुन्हा आत फेकतानाच्या) खुणा तोंडपाठ असाव्या लागतात. चुका तिथेच होतात.

विंडोच्या कडेवरचं सर्वांत गाजलेलं प्रकरण नोव्हेंबर २०१३ चं. वेल्सने शरद ऋतूत चौथा सामना ठेवला: ३० नोव्हेंबर, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, विंडोच्या बाहेर. इंग्लिश लीगमध्ये खेळणाऱ्या वेल्सच्या एका विंगला (मैदानाच्या कडेने धावणाऱ्या खेळाडूला) त्याच्या क्लबने जाऊ दिलं. लीगने त्या क्लबला ६०,००० पाउंडांचा दंड ठोठावला. म्हणजे देशाला खेळाडू दिला नाही म्हणून दंड झालेला नाही. दिला म्हणून झाला! लीगचा युक्तिवाद सरळ होता: एका क्लबने करारात जादा मोकळीक देऊ केली की तेच आमिष दाखवून तो परदेशी खेळाडू पळवणार, मग बाकीच्यांनाही तसंच करावं लागणार. हा मुद्दा वाटतो तितका कोता नाही. अडचण अशी की इंग्लंड स्वतः चौथा सामना खेळतं तेव्हा त्याच लीगचे खेळाडू मोकळे होतात, कारण तिथली संघटना क्लबांना करारानुसार पैसे मोजते. तत्त्व विंडोचं सांगितलं गेलं, हिशोब पैशाचा होता.

पॅसिफिक बेटांच्या खेळाडूंना याची झळ सगळ्यांत जास्त. देशासाठी खेळू नको, अशी लेखी अट घालायला नियमाची मनाई आहे. तोंडी सांगायला, किंवा देशासाठी उपलब्ध राहणाऱ्याला कमी रक्कम देऊ करायला, कोण अडवणार?

मूळ दुखणं कॅलेंडरचं आहे. फ्रेंच लीगमध्ये १४ क्लब, म्हणजे २६ साखळी सामने, वर बाद फेरीचे दोन-तीन. क्लबांचा युरोपीय चषक अंतिम फेरीपर्यंत खेळला तर आणखी आठ. देशाचे उन्हाळ्यात तीन, शरदात तीन, सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत पाच. बेरीज ४८ च्या आसपास, आणि वर्षात शनिवार-रविवार ५२. विश्रांती धरली की सामने एकमेकांवर चढणारच. फ्रेंचमध्ये अशा दिवसांना 'दुब्लों' म्हणतात: देश खेळत असताना लीगही चालू, आणि ज्या क्लबचे सहा-सात खेळाडू देशाकडे गेले, तो दुसऱ्या फळीनिशी गुण गमावतो. २०२० च्या शरदात साथीमुळे पुढे ढकललेल्या सामन्यांनी हे टोकाला गेलं. फ्रान्सला सहा सामने हवे होते, क्लब पाचांवर अडले, प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचलं. तोडगा निघाला तो असा: एका खेळाडूचं नाव जास्तीत जास्त तीनच सामन्यांच्या यादीत. परिणामी त्या शरदातल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडसमोर नवख्यांचा फ्रान्स उतरला, आणि तरीही हरला तो जादा वेळेत २२-१९ ने, एवढंच.

इंग्लंडमध्ये हा ताण सैल झाला तो शहाणपणामुळे नाही. २०२२-२३ च्या हंगामात तीन क्लब आर्थिक डबघाईने बाद झाले, लीग दहा संघांची उरली, साखळी सामने १८ झाले आणि वेळापत्रकात जागा निघाली. २०२४ चा आठ वर्षांचा करार या मोकळ्या जागेवर उभा आहे. त्यानुसार संघटना २५ पर्यंत खेळाडूंना थेट वाढीव करार देऊ शकते, आणि त्यांच्या वैद्यकीय व तंदुरुस्तीच्या निर्णयांत अंतिम शब्द राष्ट्रीय प्रशिक्षकाचा. पगाराचा मोठा वाटा अजून क्लबच देतो, तरी गुडघ्याबद्दलचा निर्णय दुसऱ्याचा.

फ्रान्समध्ये जुनंच चालू आहे. २८ जून २०२५ ला लीगचा अंतिम सामना, ५ जुलैला न्यूझीलंडमध्ये पहिली कसोटी. बहुतेक प्रमुख खेळाडू घरीच राहिले, दुसऱ्या फळीने ड्युनेडिनमध्ये ३१-२७ ने हरताना झुंज दिली, आणि फ्रान्सने दुय्यम संघ पाठवल्याची तक्रार यजमानांनी केली. त्याच ऑक्टोबरमध्ये एका प्रस्तावित बंडखोर लीगविरुद्ध आठ राष्ट्रीय संघटना एकत्र आल्या: तिथे जाणारा देशाकडून खेळणार नाही. १९९५ मध्ये पैशाच्या जोरावर खेळाडू करारबद्ध करण्याचं जे हत्यार क्लबमालकांनी वापरलं, ते आता तिसऱ्याच कुणाच्या हाती दिसल्यावर क्लब आणि संघटना पहिल्यांदाच एका बाजूला उभे दिसले.