३२-बिट संगणक डेबियनच्या यादीतून का गेले?

गणपतीला गावी येणारे चाकरमानी कधी कधी मुंबईच्या ऑफिसातला जुना संगणकही शाळेसाठी घेऊन येतात. कोकणातल्या पावसात ओल धरू नये म्हणून असली मशीन सुट्टीतही रोज थोडा वेळ चालू ठेवावी लागतात. त्यांवर डेबियन लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम छान चालायची. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये मात्र ३२-बिट म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरच्या पीसीसाठी ना इन्स्टॉलर आहे, ना कर्नल (सिस्टिमचा गाभा). हे एकाएकी झालेलं नाही. (संगणक टाकून देण्याआधी प्रोसेसर नीट बघा. २००७-०८ नंतरचे बरेचसे प्रोसेसर ६४-बिटच असतात, फक्त वर ३२-बिट विंडोज टाकलेली असते.)

डेबियन ३.० जुलै २००२मध्ये आली आणि ३.१ यायला जून २००५ उजाडलं. ती ११ प्रकारच्या प्रोसेसरांवर चालायची, त्यामुळे एकावर काम अडलं की बाकीचे खोळंबायचे. मार्च २००५मध्ये व्हँकुव्हरला झालेल्या डेबियनच्या बैठकीतून प्रस्ताव आला, की मोजकेच प्रोसेसर अधिकृत ठेवू. त्यावर मोठं वादंग झालं. पण प्रश्न नेमका ठरला: या मशीनसाठी पॅकेज बांधणारे, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणारे, सर्व्हर कुठे आहेत आणि ती सांभाळणारी माणसं कोण? २००७च्या आवृत्तीतून मोटोरोला ६८००० हे जुन्या प्रोसेसरांचं कुळ गळलं.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पानेही २००२मध्येच, फारशा न वापरल्या जाणाऱ्या प्लॅटफॉर्मचा (प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या जोडीचा) आधार कसा काढायचा, याचा नियम लिहून ठेवला होता. २०२२मध्ये त्यात टियर, म्हणजे आधाराच्या पायऱ्या, आले. पहिल्या टियरची जबाबदारी सगळ्या कोअर डेव्हलपरांची, म्हणजे पायथनचा मूळ कोड सांभाळणाऱ्यांची. दुसऱ्यासाठी त्यांच्यातल्या निदान दोघांनी नाव द्यायचं, तिसऱ्यासाठी निदान एकाने, आणि तिसऱ्यातल्या बिघाडासाठी रिलीज थांबत नाही. मला ही पद्धत मनापासून पटते. निभावता न येणारं आश्वासन देण्यापेक्षा, यामागे एकच माणूस आहे हे उघड सांगितलेलं वापरणाऱ्याच्या कामी येतं.

ते न सांगितल्याने काय होतं, ते फेब्रुवारी २०२१मध्ये दिसलं. पायथनच्या 'क्रिप्टोग्राफी' पॅकेजने रस्ट ही दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा वापरायला घेतली आणि रस्ट न पोचलेल्या जुन्या प्रोसेसरांवर ते बांधलंच जाईना. त्या मशीनवर ते आजवर चालत होतं, पण तसा शब्द कोणी दिलेला नव्हता.

रस्टचे स्वतःचे तीन टियर आहेत: पहिल्यात चाललंच पाहिजे, दुसऱ्यात बांधलं तरी गेलं पाहिजे, तिसऱ्यात कोड आहे पण आपोआप तपासणी नाही. २०२५मध्ये इंटेल मॅक (इंटेलच्या चिपवर चालणारा ॲपलचा संगणक) पहिल्यातून दुसऱ्यात उतरला. ॲपलने त्या मशीनकडे पाठ फिरवली होती आणि तपासणीसाठी फुकट मिळणारे इंटेल मॅक सर्व्हरही बंद होणार होते. चिपमध्ये दोष काहीच नव्हता.