शांतिनिकेतनातील ऋतूत्सव

शांतिनिकेतनातील ऋतूत्सव : पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात, बोलपूरजवळ, रवींद्रनाथ टागोरांनी काढलेल्या शाळेत आणि तिच्यातून वाढलेल्या विश्वभारती विद्यापीठात ऋतुमानाप्रमाणे साजरे होणारे उत्सव. वर्षामंगल, वृक्षारोपण, हलकर्षण, शारदोत्सव, पौषउत्सव, ख्रिस्तोत्सव आणि वसंतोत्सव हे त्यांतले मुख्य. दुसऱ्या धर्माची, प्रांताची, देशाची ओळख मुलांना सण एकत्र साजरे करता करता व्हावी, या विचाराचा भारतात दीर्घकाळ चाललेला हा एक महत्त्वाचा प्रयोग आहे.

या उत्सवांचे मूळ एका कागदात आहे. रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ यांनी १८६३ साली बोलपूरजवळच्या माळरानावर जमीन घेतली आणि १८८८ साली तिचा विश्वस्तलेख केला. आश्रमात मूर्तिपूजा होणार नाही, कोणत्याही धर्माची निंदा होणार नाही आणि दरवर्षी मेळा भरवावा, असे त्यात लिहिलेले आहे. १८९१ मध्ये रंगीत काचांचे उपासनागृह उभे राहिले. त्यातही मूर्ती नाही. डिसेंबर १९०१ मध्ये रवींद्रनाथांनी पाच विद्यार्थ्यांवर शाळा सुरू केली, तेव्हा हे बंधन तिला वारशानेच मिळाले. ज्या बंगालात गल्लोगल्ली दुर्गापूजा बसते, तिथल्या या शाळेला पूजेचा मांडव घालता येत नव्हता. मग मुलांनी सण कसला करायचा? पाऊस, पेरणी, शरदातले निरभ्र आकाश, फुललेला पळस यांना सोयरसुतक कोणत्याच धर्माचे नाही. ते सगळ्यांचे आहेत. वडिलांनी घातलेल्या मर्यादेतून मुलाने अशी वाट काढली, आणि पुढे वेगवेगळ्या देशांतून माणसे इथे येऊ लागली तेव्हा तीच वाट उपयोगी पडली.

पहिला ऋतूत्सव मात्र रवींद्रनाथांनी केलेला नाही. १९०७ च्या वसंतपंचमीला त्यांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ याने सवंगड्यांना जमवून तो केला. मुलांनी ऋतूंची सोंगे घेतली आणि गाणी म्हटली. शमी त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंगेरला पटकीने गेला. त्याला अकरावे वर्षही पुरे झाले नव्हते. पुढे हजारो माणसे जो वसंतोत्सव पाहायला धाव घेऊ लागली, त्याची सुरुवात एका शाळकरी पोराच्या हौसेतून झाली, हे या परंपरेबद्दल सर्वांत आधी सांगायला हवे. पुढे १९०८ साली शाळेत शिकवायला आलेल्या क्षितिमोहन सेन यांनी वेदांतल्या पर्जन्यसूक्तांच्या आधारे पावसाचा उत्सव केला. रवींद्रनाथांनी ही कल्पना उचलून धरली आणि शरद, वर्षा, वसंत या ऋतूंसाठी गाणी व नाटके लिहिली. ती शाळेतली मुलेच बसवीत, आणि बसवता बसवता शिकत.

वृक्षारोपण आणि हलकर्षण हे दोन्ही सोहळे १९२८ च्या पावसाळ्यात सुरू झाले. वृक्षारोपणात रोपट्याची मिरवणूक निघते. सजवलेल्या पालखीत रोप ठेवतात, मुले ती खांद्यावर घेतात, पुढे मुली गात-नाचत चालतात आणि शंख वाजतो. रोप लावायच्या जागी पाच मुले पंचमहाभूतांच्या वेषात उभी असतात. पृथ्वी, पाणी, तेज, वारा आणि आकाश असे एकेक करून रोपट्याला आशीर्वाद देतात, मग पाहुण्यांच्या हातून ते मातीत जाते. रवींद्रनाथांचे निधन १९४१ च्या ७ ऑगस्टला, बंगाली पंचांगाप्रमाणे २२ श्रावणाला झाले. तेव्हापासून झाड लावण्याचा सोहळा त्याच तिथीला होतो. थोर माणसाची पुण्यतिथी शाळेत भाषणांनी साजरी होते, हे आपण सगळ्यांनीच सोसलेले आहे. इथे त्या दिवशी मुले खड्डा खणून रोप लावतात. हलकर्षण मात्र शेजारच्या श्रीनिकेतनात, ग्रामसुधारणेच्या केंद्रात होते. बैल सजवतात, मंत्र म्हणतात आणि प्रमुख पाहुणा नांगराला हात लावतो. सुरुवातीच्या सोहळ्यात खुद्द रवींद्रनाथांनी नांगर धरला होता. चित्रकार नंदलाल बोस यांनी श्रीनिकेतनाच्या भिंतीवर त्या प्रसंगाचे भित्तिचित्र काढले आहे.

कोणत्याही उत्सवाआधी जमिनीवर अल्पना काढली जाते. तांदळाची पिठी पाण्यात कालवायची, चिंधी त्यात बुडवायची आणि बोटांवरून रेघ ओघळू द्यायची, ही बंगालातल्या बायकांची घरगुती व्रतांची कला. व्रतांच्या अल्पनेत लक्ष्मीची पावले आणि भाताच्या लोंब्या असतात. नंदलाल आणि कलाभवन या आश्रमातल्या कलाशाळेतल्या त्यांच्या शिष्यांनी तिच्यात त्या त्या ऋतूतली फुले, पाने, वेली आणल्या. त्यामुळे कुठल्याही घरातले मूल ती काढायला बसू शकते. त्यासाठी आधी बाहेर जाऊन फूल नीट पाहावे लागते. पाकळ्या किती, देठ कसा वळतो हे माहीत नसेल तर रेघ अडते. उत्सवातून शिकणे ते हेच.

शरदात, दुर्गापूजेच्या सुटीआधी, महालयेच्या, म्हणजे सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी मुले आनंदबाजार भरवतात. खाऊ आणि हातांनी केलेल्या वस्तू विकून आलेला पैसा मदतकार्याला जातो. पौष महिन्याच्या ७ तारखेला, म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धात, पौषउत्सव सुरू होतो. देवेंद्रनाथांनी १८४३ साली त्या तिथीला मूर्तिपूजा न मानणाऱ्या ब्राह्मधर्माची दीक्षा घेतली होती. पहाटे सातविणीच्या झाडाखाली, ‘छातिमतला’ नावाच्या जागी, उपासना होते आणि बाहेर मेळा भरतो. १८९४ पासूनच्या या मेळ्यात बाऊल हे बंगालचे भटके भक्तिगायक येतात, सांताळ आदिवासींचे नाच होतात, ढोकरा कारागीर ओतीव पितळेच्या वस्तू मांडतात. शहरातून आलेल्या मुलाला फकिराचे गाणे आणि आदिवासींचा मादल हा ढोल एकाच दुपारी ऐकायला मिळतो.

त्याच उत्सवाच्या ओघात २५ डिसेंबरच्या संध्याकाळी उपासनागृहात मेणबत्त्या लावून ख्रिस्तोत्सव होतो. १९१० साली रवींद्रनाथांनी तो सुरू केला, तेव्हा शाळेत ख्रिस्ती मुले असोत-नसोत हा प्रश्नच नव्हता. येशूचा दिवस आपलाही आहे, एवढेच मुलांना कळावे असा त्यांचा आग्रह होता. पुढे चार्ल्स अँड्र्यूज आणि विल्यम पिअर्सन यांच्यासारखे ख्रिस्ती शिक्षक इथे रमले, त्या घरोब्याची ही आधीची पायरी म्हणता येईल.

१९२१ मध्ये विश्वभारती स्थापन झाली आणि ‘यत्र विश्वं भवत्येकनीडम्’, जिथे सारे विश्व एका घरट्यात येते, हे तिचे ब्रीद ठरले. १९२७ च्या जावा-बाली प्रवासातून बाटिक रंगकाम आश्रमात आले आणि उत्सवांच्या वेषभूषेत मिसळले. मणिपुरी नाच आला, श्रीलंकेतला कँडी नाच आला. १९३७ साली चिनी विद्वान तान युन-शान यांच्या पुढाकाराने चीनच्या अभ्यासासाठी चीनभवन उघडले. दूरदेशीची कला मुलांनी पाहिली ती अशी : अंगात घालायच्या वस्त्रात आणि पावलांच्या ठेक्यात.

मराठी माणसांचा या परंपरेशी संबंध जुना आहे. १९१५ साली गांधीजी शांतिनिकेतनात आले, तेव्हा काका कालेलकर तिथे शिकवत होते. आपले काम आपणच करावे असे गांधीजींनी विद्यार्थ्यांना सुचवले आणि १० मार्चपासून मुले-शिक्षक स्वयंपाक, भांडी, साफसफाई करू लागले. दरवर्षी तो दिवस ‘गांधी पुण्याह’ म्हणून पाळतात : नोकरांना सुटी आणि झाडू मुलांच्या हाती. ऋतूंच्या यादीत न बसणारा हा दिवस मुलाला सर्वांत जास्त शिकवणारा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. संगीतशिक्षक भीमराव शास्त्री आणि चित्रकार विनायक मासोजी यांनीही आश्रमात काम केले. साने गुरुजींच्या आंतरभारतीमागे विश्वभारतीचीच प्रेरणा होती; एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा, गाणी, सण जाणावेत ही त्यांची तळमळ त्याच जातीची.

सणांतून संस्कृती शिकवण्यावर पाश्चात्त्य शिक्षणविचारात मोठा आक्षेप घेतला गेला आहे. अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ लुईस डर्मन-स्पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये अशा शिकवण्याला पर्यटकासारखे शिकणे म्हटले : एक दिवस परका पोशाख, परका पदार्थ, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत. त्या लोकांचे रोजचे जगणे मुलाला कळत नाही. उलट ते विचित्र, दूरचे वाटू लागतात. आक्षेप खरा आहे आणि आपल्याकडच्या अनेक शाळांच्या ‘विविधता दिना’ला तंतोतंत लागू पडतो. शांतिनिकेतनाला तो कमी लागतो, कारण इथला उत्सव एका दिवसाचा नसतो. तालमी, अल्पना, स्वयंपाक, रोपांची निगा हे दिवसेंदिवस चालते आणि ऋतू दरवर्षी परतून येतो. मात्र दुसरी उणीव राहते. इथले ऋतू बंगालचे, गाणी मुख्यतः रवींद्रनाथांची. बाहेरून आलेल्या मुलाला बंगाल उत्तम कळतो, पण त्याने घरून आणलेल्या सणाला जागा तुलनेने थोडी मिळते. आसपासच्या सांताळ गावांत सालवृक्ष फुलल्यावर बाहा हा वसंताचा सण होतो. शाळेचा वसंतोत्सव आणि हा सण शेजारी असूनही वेगवेगळे राहतात, याची खंत वाटते.

अलीकडे मोठी अडचण झाली ती गर्दीची. वसंतोत्सवात, दोलपौर्णिमेला म्हणजे होळीच्या पौर्णिमेला, सकाळी पिवळ्या साड्यांतल्या मुली गात फेरी काढत आणि शेवटी कोरडा गुलाल उधळला जाई. ते पाहायला कोलकात्याहून इतके लोक येऊ लागले की मुलांचा सण पाहुण्यांचा तमाशा झाला. कोविडच्या महासाथीनंतर विद्यापीठाने बाहेरच्यांसाठी दारे बंद ठेवून, कधी तिथीही बदलून, तो आपल्यापुरता केला. पर्यटनावर पोट असलेल्या बोलपूरकरांना हे झोंबले, तरी शाळेच्या दृष्टीने निर्णय योग्यच म्हणावा लागेल. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनाला जागतिक वारसास्थळाच्या यादीत घेतले.